सुनेशी असलेला माझा अबोला कोणाला द्यावा याबद्दल

मी, कासिल्दा मोंतेरो, मारावे बेटावरच्या खालच्या वस्तीत राहणारी, बासिलियोची आई, प्रुदेन्सियाची तामोर, बंदरावरच्या सेवेरोची सुवे, वय आजवर कोणाला खरं सांगितलेलं नाही ते कागदालाही सांगणार नाही, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकात न येता, सकाळी पोटभर खाऊन हे मृत्युपत्र लिहिते.

"आजी, 'पोटभर खाऊन' कशाला?" नोटरी एवारिस्तो समोर बसलाय, तो म्हणाला. "कायद्याला त्याची गरज नाही."

"उपाशी माणसाचं डोकं ठिकाणावर असतं, असं कायदा म्हणतो का?"

त्याने पुढे लिहा म्हणून खूण केली. चांगला मुलगा आहे, पण राजधानीचा आहे. सगळं त्याला फोडून सांगावं लागतं, म्हणून मीही फोडून लिहिते. अक्षर वाकडं दिसलं तर दोष माझा नाही. मी अक्षरं जोडायला लागले आणि वादळात शाळेचं छप्पर उडालं. आमच्या बाईंनी ते शिक्षण पूर्ण झाल्याचं लक्षण मानलं.

कलम पहिले. घर, मागचं आवार आणि त्यातली नारळाची झाडं माझा मुलगा बासिलियो याला. एकुलता एक आहे, त्यामुळे निवड करायचा ताप वाचला. तो स्वभावाने गरीब आहे. बायकोला विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही. बँकेत जे काही असेल त्यातून मला पुरायची पेटी आणावी आणि उरेल त्याची लोकांना शेळी खाऊ घालावी. पेटी साधी चालेल, शेळी साधी चालणार नाही.

कलम दुसरे. एवारिस्तोसाठी लिहिते की आमच्याकडे माणूस गेलं की घर आणि भांडीकुंडी मागे राहतात, पण नात्याचे शब्द मागे राहत नाहीत. ते कोणाला तरी देऊन जावं लागतं, नाहीतर पेटीबरोबर मातीत जातात. माझ्याकडे देण्यासारखे दोन आहेत. पहिला सेवेरोचा. मी त्याची सुवे, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला चारचौघांत त्याचे दोष सांगायचा हक्क माझा. त्याने कोंबडी आणायची, मान खाली घालायची आणि ऐकायचं. सेवेरो बंदराचा मुकादम झाल्यापासून त्याला दुसरं कोणी काही बोलत नाही, त्यामुळे सगळा भार माझ्यावर पडतो.

हा हक्क मी माझी नात इल्दे हिला देते. ती राजधानीत नर्सचं शिकते आणि तिथे जाऊन फार नम्र झालीय. मागच्या सणाला मी तिला सरावाला उभी केली. ती म्हणते, "सेवेरोकाका, तुमच्या कामात थोडी सुधारणा होऊ शकेल."

मी म्हटलं, "अगं, हा दोष आहे की शाळेचा शेरा? सांग त्याला, मासळी तोलताना तुझा अंगठा तराजूवर असतो. सांग, स्वतःची आई गेली तेव्हा तिच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसून घोरत होतास!"

इल्दे लाजून लाल झाली. शेवटी सेवेरोच म्हणाला, "पोरी, जरा जोरात बोल गं. मी कोंबडी आणलीय."

इल्दे, हे काम तुझं. मन मोठं कर आणि आवाजही.

कलम तिसरे. आता जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तिच्याकडे येते. डेल्फा.

मोठ्या वादळानंतर डेल्फा दुसऱ्या बेटावरून होडीत बसून आली. मागे कोणी उरलं नव्हतं. मी तिला भाकरीसाठी कसाव्याचे कंद किसायला बसवलं, ती बसली, आणि आजपर्यंत उठलेली नाही. माझ्या हाताच्या भाकऱ्या म्हणून वस्तीत ज्या खातात त्या कितीतरी वर्षं तिच्या हाताच्या आहेत. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते, कारण गेल्यावर मला भाकऱ्या विकायच्या नाहीत.

पण डेल्फा नुसती आहे. ज्याला बेटावर कोणाच्याही नात्याचा शब्द नाही त्याला आम्ही नुसता म्हणतो. मी तिला लेक म्हणायला गेले तर म्हातारी माणसं म्हणाली, दात आल्यावर घरात आलेल्याला लेक म्हणता येत नाही. बहीण म्हणायला वयात फार अंतर. म्हणून इतकी वर्षं ती मला "अहो" म्हणते आणि मी तिला "अगं" म्हणते. आमचं काही अडलं नाही. अडणार आहे ते मी गेल्यावर. नुसत्या माणसाला हातात मावेल ते देता येतं, छप्पर देता येत नाही.

हातात मावेल ते म्हणून माझा भाकरीचा लोखंडी तवा मी डेल्फाला देते. एवारिस्तो म्हणतो, तवा हातात मावत नाही. दोन हातांत मावतो. कायद्यात किती हात ते लिहिलेलं नाही.

पण तवा घेऊन ती जाणार कुठे? माझी सून प्रुदेन्सिया वाईट नाही. तिला फक्त डोळ्यांनी भिंती पाडायची सवय आहे. मी गेले की या स्वयंपाकघरात थंड सरबताचं दुकान निघणार, हे आमच्या भिंतीला आणि म्हणून मला ठाऊक आहे. परवाच ती शेजारणीला सांगत होती, "डेल्फाचं काय गं, आली तशी जाईल. होड्या काय कमी आहेत?"

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. पहाटे मात्र इतकी खुशीत उठले की डेल्फाला वाटलं मला ताप चढलाय. माझ्याकडचा दुसरा शब्द मला आठवला होता.

कलम चौथे. मी प्रुदेन्सियाची तामोर आहे. तामोर म्हणजे जिच्याशी रीतसर अबोला धरलाय ती. बेट एवढंसं, भांडून माणूस जाणार कुठे? म्हणून जुन्या लोकांनी भांडणाला घरातच जागा करून दिली. तामोरींनी एकमेकींशी एक अक्षर बोलायचं नाही. एकीने दुसरीला बसल्या जागेवरून किंवा राहत्या घरातून उठवायचं नाही. आजारपणात पेज पोचवायची. काही सांगायचंच असेल तर मधल्या निरोप्याकडून, आणि निरोप्याने कडू बोलणं गोड करूनच पोचवायचं. गोड झालेला निरोप मग पाठवणाऱ्याला पाळावा लागतो.

आमचा निरोप्या बासिलियो. एकदा प्रुदेन्सिया त्याला म्हणाली, आणि तिचा आवाज काही बारीक नाही, "सांग म्हातारीला, माझ्या घागरीला हात लावला तर हात मोडून ठेवीन!" बासिलियो माझ्याकडे आला, घाम पुसला आणि म्हणाला, "आई, प्रुदेन्सिया म्हणते, तुझ्या हाताला त्रास नको, यापुढे पाणी तीच आणून देईल." तेव्हापासून पाणी तीच आणते. त्यानंतर निरोप फार कमी येऊ लागले.

अबोला धरला तो तिच्या लग्नाच्या जेवणात. तिने घेवड्यात साखर घातली होती. मी पाहुण्यांसमोर म्हटलं, "सूनबाई, कालवण आहे की खीर?" ती म्हणाली, "सासूबाई, तुमच्या जिभेला थोडी साखर लागलेली बरी." लोक हसले. मी तिथल्या तिथे भाकरी मोडली, अर्धी तिच्यापुढे टाकली. तिने खाल्ली. अबोला लागू झाला. तेव्हापासून या घरात जी शांतता आहे तिचा शेजारीपाजारी हेवा करतात.

तर हा माझा अबोला, त्यातल्या सगळ्या हक्कांसह, मी डेल्फाला देते.

डेल्फा चुलीपाशी होती. तिने वाचून घेतलं आणि हातातलं फडकं खाली टाकलं. "अहो, मला कशाला भांडणात ओढता? मी आजवर कोणाशी भांडले नाही."

"म्हणून तर नुसती राहिलीस."

"पण त्यांनी माझं काय केलंय?"

"ते तुला हळूहळू कळेल. आधी शब्द घे."

अबोला मेलेल्या हाताने देता येत नाही. भाकरी मोडायला जिवंत हात लागतो. म्हणून मी बासिलियोला पाठवून प्रुदेन्सियाला बोलावलं. बासिलियोने जाऊन काय सांगितलं ते त्यालाच माहीत, पण ती ठेवणीतला झगा घालून आली. एवारिस्तोने चौथं कलम मोठ्याने वाचलं. तिसरं मी त्याला वाचू दिलं नाही.

मी भाकरी मोडली. अर्धी डेल्फाच्या हातात दिली, अर्धी प्रुदेन्सियापुढे ठेवली. डेल्फाने ती दोन्ही हातांनी धरली.

प्रुदेन्सियाने ती अर्धी भाकरी पाहिली. मग तिने भिंत पाहिली, चूल पाहिली, सरबताची फळी जिथे लागणार होती तो कोपरा पाहिला. तिला सगळं कळलं. ती बिनडोक कधीच नव्हती. तिला नाही म्हणता येत होतं, तो तिचा हक्क होता. पण चालत आलेला अबोला नाकारणारीने मूळ भांडणात आपली चूक कबूल केली असं आमच्याकडे धरतात. म्हणजे घेवड्यातली साखर तिला कबूल करावी लागली असती.

बासिलियो आणि साक्षीला बोलावलेला सेवेरो खाली बघत उभे होते. एवारिस्तोसुद्धा पेन हातात धरून बसला होता, आणि त्याला घेवड्यातलं काय कळतं!

प्रुदेन्सियाने भाकरी उचलली. एक तुकडा तोंडात घातला, आणि डेल्फाच्या डोळ्याला डोळा देऊन सगळी संपवली. डेल्फाने आपली अर्धी खाल्ली तेव्हा ती रडत होती, त्यामुळे भाकरी जरा खारट झाली असणार.

झालं. डेल्फाला आता या घरातून "जा" म्हणणारं कोणी नाही. म्हणायचं झालं तर बासिलियोकडून म्हणावं लागेल, आणि बासिलियोच्या तोंडून ते "जेवलीस का?" होऊनच बाहेर पडेल. मी इतकी हसले की एवारिस्तोने मला पाणी दिलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. अबोला मी दिला. म्हणजे आता तो माझ्याकडे उरला नाही.

प्रुदेन्सियाच्या लक्षात माझ्या आधीच आलं होतं. तिने तोंड पुसलं, खुर्ची ओढली, माझ्या अगदी समोर बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"सासूबाई, जरा नीट टेकून बसा. पहिल्यापासून सुरू करते."

हे लिहीपर्यंत ती तिच्या लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आलीय. माझ्या सगळ्या चुका तिने वर्षवार लावून ठेवल्यात, आणि खरं सांगायचं तर सांगते फार छान. एवारिस्तोला मी थांबायला सांगितलं, पण त्याची बोट सुटायची आहे, म्हणून इथेच आटपते. याआधी मी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द. वर लिहिलेलं सगळं मला मान्य आहे. आत्ता कानावर पडतंय ते मान्य नाही.

मारावे बेट, खालची वस्ती. २८ सप्टेंबर १९६८.

सही: कासिल्दा मोंतेरो, बासिलियोची आई, सेवेरोची सुवे.

साक्षीदार: सेवेरो पालमा, बंदराचा मुकादम, ज्याचे दोष कासिल्दा सांगते तो. अंगठ्याबद्दल जे लिहिलंय ते मान्य नाही, बाकी सगळं समक्ष झालं.

साक्षीदार: बासिलियो मोंतेरो, कासिल्दाचा मुलगा, प्रुदेन्सियाचा नवरा, दोघींचा निरोप्या.

स्वीकारणारी: प्रुदेन्सिया मोंतेरो, डेल्फाची तामोर. सही करताना बोलत होती.

स्वीकारणारी: डेल्फा, प्रुदेन्सियाची तामोर.