वीस ऑगस्टची सहल

ओर्ता, फायाल बेट
२१ ऑगस्ट १९६२

ती. फिलोमेनाताईस,
इल्दाचा सा. न. वि. वि.

ताई, काल मी चक्क उंबरा ओलांडला! आन्सेल्मुच्या जागी त्याच्या काकांना उभं करून लग्न लागलं, त्याला अकरा महिने झाले. नवरा तुमच्या टोरांटोत, फोटोतच पाहिलेला. मी इथे सासूबाईंच्या पहाऱ्यात. अशा नवरीने खिडकीतही उभं राहायचं नाही. आणि काल त्याच म्हणाल्या, चल पोरी, पिकु बेटावर जाऊ.

ज्वालामुखीच्या काळ्या दगडांवर पाय सोलवटले. पण त्यांच्या खळग्यांत समुद्र शिरून डोह झालेत, इतके नितळ की तळाचे खेकडे मोजावेत. सासूबाई म्हणाल्या, उतर पाण्यात, कोण बघतंय! मला अंजीर सोलून दिले. परतायची घाई नाही म्हणत दुपारची बोट सोडली, शेवटच्या बोटीने आलो. आईनंतर एवढी माया कुणी केली नव्हती गं.

तिकडे येण्याच्या माझ्या कागदांचं आन्सेल्मुला विचार. लोभ आहेच, तो पत्रांतून दिसू दे.
तुझी इल्दा

टोरांटो
३ सप्टेंबर

चि. सौ. इल्दास अनेक आशीर्वाद.

डोहात डुंबलीस, छान केलंस. पण बाई, इकडे यायच्या परवान्यासाठीच्या तपासणीला का नाही गेलीस? आन्सेल्मु डोक्याला हात लावून बसलाय. कागद त्याने जूनमध्येच पाठवले, रीतीप्रमाणे आईच्या नावाने. कॅनडाचा डॉक्टर ओर्ताला येणार होता तो वीस ऑगस्टला, तेवढा एकच दिवस. आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. तो म्हणतो, हिला यायचंच नसेल. मी म्हटलं, आमची इल्दा पोहतसुद्धा येईल! खरं काय ते कळव. रागावले असले तरी माया पातळ झालेली नाही.
तुझी ताई

ओर्ता
१४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र घेऊन सासूबाईंपुढे उभी राहिले. त्यांनी गादीखालून पाकीट काढून दिलं. वाचता येत नाही, पण शेजारणीकडून वाचून घेऊन तारीख पाठ केली होती. म्हणाल्या, तीन मुलगे गेले, एकही परतला नाही. तू गेलीस की या घरात मी आणि कोंबड्या. मी तोंडाला येईल ते बोलले. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. मग दोघी एकाच टेबलाशी सूप प्यायलो. जाणार कुठे?

नवे कागद माझ्या नावाने पाठवायला सांग. आणि आन्सेल्मुला म्हण, इल्दाला त्या दिवशी ताप होता. खरं कळलं तर बाकीच्या दोघांसारखा तोही आईला पत्र टाकायचा थांबेल. मग तिला माझ्याशिवाय कोणीच उरणार नाही, आणि मला कधीच निघता येणार नाही.

एवढं कर, मग हवी तेवढी रागव.
तुझी इल्दा