चाकामागचा वरवंटा

राहुरीजवळच्या मळ्यातून

तीर्थरूप चांगुणाअक्कास, धाकटी बहीण भागिरथीचा पायावर डोकं ठेवून दंडवत. (पाय पुढे कर नाहीतर मागे घे, तुझी मर्जी. डोकं मी इकडे ठेवलेलंच आहे.)

इकडे सगळी खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? रश्मीला डिंकाचे लाडू वेळेवर देत जा, सगळे आल्यागेल्याला वाटू नकोस. बाळ रात्रीचं झोपतं का? बाळ म्हणते, कारण त्याचं नाव मला अजून कुणी सांगितलेलं नाही. का सांगितलेलं नाही ते तुला माहीत आहे आणि मलाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नाही, तरी आपल्या दोघींचा पत्रव्यवहार, म्हणजे बघ. मी बोलते आणि माझी नात धनश्री लिहिते; तिकडे तुझी नातसून रश्मी वाचेल. (धनश्री म्हणते, आजी, तू 'न्हाई' म्हणालीस तरी मी 'नाही'च लिहिणार. लिही बाई, कॉलेजात जातेस.) (रश्मी, कडू शब्द आला तर हळू वाच, गोड आला तर दोनदा वाच. आणि आजेसासूबाई उठून आत जायला लागल्या तर तूही मागोमाग वाचत जा.)

बारशाला मी का आले नाही, ते सांगायचं तर आधी गाडीचं सांगावं लागतं. माझा अजिनाथ शाळेतून रिटायर झाला आणि त्याने गाडी आणली. कुणीतरी वापरून सोडलेली, पांढरी, एवढीशी. जिथे आपली म्हैस बांधायची तिथे ती उभी केली तर म्हैस असताना उरायची त्यापेक्षा जास्त जागा उरली. आणली ती माझ्यासाठी. आईला दवाखान्यात न्यायला एसटीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आता तिने दारातून बसावं आणि दारात उतरावं, असं त्याच्या मनात आलं. तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं. पण पोरगा साठीला टेकला तरी आईसाठी काही आणतो म्हटल्यावर आईच्या तोंडून नको निघत नाही. मी टायरखाली लिंबं ठेवली, बॉनेटला कुंकू लावलं आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसले.

अजिनाथचा सगळा जन्म बिनगियरच्या स्कूटरवर गेला. गाडी शिकवणाऱ्या मास्तरच्या पायाखालीसुद्धा ब्रेक आणि क्लच होता, म्हणजे आपला मास्तर दुसऱ्या मास्तरच्या पायांनी पास झाला. आता गाडी चालवताना तो सगळं मोठ्याने म्हणतो. "क्लच दाबला. पहिला टाकला. क्लच हळू सोडतोय." पाढे म्हणतात तसं. वस्तीवरच्या सगळ्यांना कळतं, गुरुजी निघाले. शेवटचा शब्द म्हणेपर्यंत गाडी एक गचका देऊन बंद पडते. ती बंद पडली की तो आधी घड्याळात बघतो, जणू तास संपला म्हणूनच थांबली. सून लंका पुढच्या सीटवर डोळे मिटून नाथांचा जप करते. गाडी आल्यापासून तिचा जेवढा जप झाला तेवढा सबंध संसारात झाला नव्हता.

सपाटीला हे सगळं चालून जातं. चढ आला की मात्र गाडीला मागं जायची हौस येते. हातब्रेक म्हणून एक दांडा आहे. तो ओढला की करकर वाजतो आणि गाडी तशीच मागे सरकते. आमच्या इथे चढ एकच, कालव्याच्या पुलाचा. पहिल्याच दिवशी तिथे गाडी मागे यायला लागली, मागून उसाची ट्रॉली. मी दार उघडून खाली उतरले, दगड उचलला आणि चाकामागे सरकवला. गाडी गप उभी. अजिनाथ म्हणाला, "आई, हे तुला कुणी शिकवलं?" आता त्याला काय सांगू, अक्का? दादांची बैलगाडी भात घेऊन राजूरच्या बाजाराला घाट चढायची तेव्हा चाकामागे धोंडा घेऊन कोण चालायचं? मी. आणि गाडीत पोत्यावर बसून पाय हलवत पेरू कोण खायचं? (रश्मी, इथे जरा थांब आणि त्यांच्या तोंडाकडे बघ.)

त्या दिवसापासून धोंड्याचं खातं माझ्याकडे आलं. मळ्यातून एक चांगला तिकोनी धोंडा निवडला आणि माझ्या पायाशी कायमचा ठेवला. पुलाजवळ आलं की अजिनाथने पाढे म्हणायचे, लंकाने जप करायचा आणि मी धोंडा घेऊन उतरायचं. लोक हसायचे, पण गाडी पूल चढायची.

बारशाच्या दिवशी पहाटे उठून लंकाने गाडी धुतली, आतून झाडली आणि पाहुण्यांकडे जायचंय, गाडीत धोंडा काय शोभतो, म्हणून तो उकिरड्यावर टाकून दिला. मला सांगितलं नाही. मी आपली आईचा वरवंटा सजवण्यात गुंतलेले. त्याला हळद-कुंकू लावलं, धुवट कापडात गुंडाळलं, वर झबलं आणि टोपडं घातलं. आपल्या दोन्ही घरांतलं एकही लेकरू या वरवंट्याच्या जोडीशिवाय पाळण्यात गेलेलं नाही. तुझा, माझा, सगळ्यांचा तो थोरला भाऊ. पाळण्याखालून आधी त्याने जायचं, मग बाळाने. आईने वाटणी केली तेव्हा पाटा तुला दिला आणि वरवंटा मला. तेव्हा मला राग आला होता की अर्धी वस्तू घेऊन मी काय करू. तिचं डोकं मला फार उशिरा कळलं. नुसता पाटा घेऊन तूही काय करणार होतीस? एकीला दुसरीकडे जावंच लागावं, एवढंच तिला हवं होतं.

कोल्हार, संगमनेर, अकोले, सगळं व्यवस्थित झालं. आपला घाट लागला. आपण चालत चढायचो तोच, आता डांबराचा. मी पाय वर घेऊन बसलेले, चपला खाली, वरवंटा मांडीवर. ऐन वळणावर पुढचा टेम्पो थांबला. अजिनाथ थांबला. गाडी बंद पडली आणि मागे निघाली. मी पायाशी चाचपलं, तर धोंडा नाही! दार उघडून अनवाणी उतरले. इकडे बघते, तिकडे बघते, तर घाटातले सगळे दगड सिमेंट लावून कठड्यात बसवलेले. एक सुटा म्हणून नाही. मागे दरी, गाडीत माझा पोरगा आणि सून. अक्का, माझ्या हातात जे होतं ते मी चाकामागे लावलं.

आई धावली बघ. गाडी थांबली. अजिनाथने पाढे म्हटले, इंजिन ओरडलं आणि गाडी उसळून वर निघाली ती निघालीच. त्याला वाटलं मी बसले. दार त्या हिसक्याने आपोआप लागलं होतं. आता थांबलो तर पुन्हा मागे जाऊ, म्हणून त्याने मान वळवली नाही. लंकाचे डोळे मिटलेले. ती दोघं थेट तुझ्या दारात येऊन थांबली. आईला हात द्यायला म्हणून अजिनाथने मागचं दार उघडलं, तर सीटखाली माझ्या चपला आणि सीटवर माझी पिशवी. साठीचा माणूस, सगळे पाहुणे दारात, आईला घाटात विसरलो हे कोणत्या तोंडाने सांगेल? "आई मागून येतेय," एवढं बोलून तो गाडी वळवायच्या मागे लागला. आणि तुला वाटलं, भागी मुद्दाम मागे राहिली, वरवंटा द्यायचा नव्हता म्हणून.

इकडे मी उचलून बघितलं तर वरवंट्याच्या टोकाचा टवका उडालेला आणि झबल्यावर टायरची नक्षी. पाय पोळत होते म्हणून कठड्याच्या सावलीला बसले. एक जीप वर जाताना थांबली. ड्रायव्हर म्हणाला, मागे लटकायला जागा आहे. या वयात लटकून बारशाला जाऊ का? आणि खरं सांगायचं तर मनात होतं, माझा पोरगा येईल, त्याने यावं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि पाण्याच्या मागोमाग राग आला. तेवढ्यात राजूरकडून खाली जाणारी एसटी आली. राग आलेल्या माणसाला उतार लवकर सापडतो. मी हात केला.

गाडी भरलेली. पण माझ्या कुशीत झबलं-टोपडं बघून एका बाईने उठून जागा दिली. "लई शांत हाय हो लेकरू," म्हणाली. मी म्हटलं, "व्हय, आजोळावर गेलंय." कंडक्टर म्हणाला, "आजी, लेकराला तिकीट न्हाई, पन तोंडावरचं कापड काढा, गुदमरंल." मी म्हटलं, याला वाऱ्याची सवय नाही. सबंध घाट मी वरवंट्याला थोपटत उतरले, अक्का. दुसऱ्या वळणाला खिडकीतून दिसलं, आपली पांढरी गाडी समोर. मी कठड्याआड डोळ्यांना पदर लावून बसले होते तेव्हाच अजिनाथ माझ्यासमोरून खाली गेला असणार; आता मला शोधत परत चढत होता, कठड्याकडे बघत बघत. मी हाका मारल्या. त्याला ऐकू कसं येणार, तो पाढे म्हणत होता.

संध्याकाळी ग्रुपवर तुमच्याकडचा फोटो आला. पाळण्याखालून थर्मास चाललाय, झबलं घालून. घरातली सगळी हसली, मीही हसले, आणि मग चुलीकडे तोंड करून बसले. त्या लेकराच्या पाळण्याखाली आईचा हात असायला हवा होता. तिथे गरम पाण्याचा थर्मास गेला, तो माझ्या रागापायी. गाडीपायी नाही. ती बिचारी मला सोडून गेली तरी रस्ता धरून गेली. उलट्या वाटेला मी लागले.

अजिनाथने तुला फोनवर खरं सांगितलं तर तू म्हणालीस, आईला कुणी घाटात विसरतं का, थापा मारू नको. तेव्हापासून त्याने गाडीला हात लावलेला नाही. तिच्यावर ताडपत्री टाकलीय, कोंबड्या वर बसतात. किल्ली खिळ्याला टांगलीय. पाढे बंद झाले. मला दवाखान्यात न्यायचं तर म्हणतो, रिक्षा बोलावतो. जेवताना माझ्याकडे बघत नाही. विकून टाकतो म्हणाला, त्या दिवशी माझी भाकरी मी कोंबड्यांना घातली. वस्तीवरची माणसं विचारतात, गुरुजी आजारी आहेत का?

तर अक्का, राग माझ्यावर ठेव, पोरावर ठेवू नको. मी तर आता त्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं देवासमोर उभी राहून बोललेय. तब्येतीला जप. लहानांना माझ्या वाटचा पापा, तुझ्या नातवाला, संदीपला आशीर्वाद.

तुझी धाकटी,
भागी
(अंगठा उठवलाय. हळदीचा आहे, पुसू नको.)

ता.क. वरवंट्याच्या टवक्यावर हळदीचा लेप लावलाय. बरा होईल असं मीच त्याला सांगते.

ता.क. बाळाचं नाव तू सगळ्यांना सांगायला बंदी केलीस म्हणे. पत्रात लिहू नको, फोनवरही सांगू नको. धनश्रीला आधी कळेल आणि मला नंतर, ते मला चालायचं नाही.

ता.क. देवासमोर बोलले तेव्हा देवाचं लक्ष नव्हतं. काल मीच ताडपत्री काढली, कोंबड्या हाकलल्या, मागच्या सीटवर जाऊन बसले आणि अजिनाथ येईपर्यंत उतरले नाही. येत्या रविवारी निघतोय. त्याच गाडीने. लंकाने उकिरड्यावरून माझा धोंडा शोधून धुऊन ठेवलाय, पण मी तो घरीच ठेवणार आहे, आणि वरवंटा या वेळी मांडीवरून हलणार नाही. म्हणून तुला एक काम सांगते. संदीपला म्हण, आजीला मोटारसायकलवरून घाटातल्या त्या वळणावर आणून सोड. येताना तू परसातला एक चांगला धोंडा घेऊन ये. लहानपणी मी फार चालले, अक्का. या खेपेला चाकामागे तू उभी राहा. मग गाडीत माझ्या शेजारी बस आणि नाव माझ्या कानात सांग.