सांडग्यांचा मंगळवार

अलीगंज, लखनौ

ती. आईस,
विपुलचा नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इथे आम्ही तिघंही बरे आहोत.

त्या मंगळवारी तू गच्चीवर सांडगे घालत होतीस, फोन खाली राहिला, आणि मी इथून शेजारच्या भास्करकाकांना कडी तोडायला लावली. त्यानंतर लतिकाने मला निशातगंजला एका समुपदेशक मॅडमकडे नेलं. मला वेडबीड लागलेलं नाही हं.

मॅडम गोळ्या देत नाहीत, प्रश्न विचारतात. "माँ फ़ोन न उठाएँ, तो और क्या-क्या हो सकता है?" पहिल्या दिवशी मला एकच उत्तर सुचलं. बाबांनी फोन उचलला नव्हता, त्या दिवशीचं. आता मी वहीत लिहितो: देवळात असेल, झोपली असेल, गच्चीवर असेल. धडधड अजून होते, पण ओसरते.

दिवसाचे आठ फोन एकावर आलेत. तुला चुकल्याचुकल्यासारखं होतं का गं? नवी कडी बसवलीस का?

हे पत्रही मॅडमनी दिलेला अभ्यासच आहे. तेव्हा मिळाल्यावर फोन करू नकोस, उत्तर लिही. आठवडा लागला तरी चालेल, मी वाट बघायला शिकतोय.

फक्त लिहिलंस की लगेच टपालपेटीत टाक.

तुझा,
विपुल