कुकर रिकामा दिला नाही

।। श्री एकवीरा आई प्रसन्न ।।

मानपाडा, डोंबिवली पूर्व
१२ जानेवारी २०२५

चि. करिश्मा हिला भागीरथी आत्याचे पोटभर आशीर्वाद.

बाय, तू म्हणशील आत्याला पत्राची हौस कुठून आली. फोनवर बोलायला लागले की घरातले सगळे कान देऊन बसतात, आणि मला लिहायचंय ते त्यांना ऐकवण्यासारखं नाय. तुझा बाप शाळेत माझ्याकडूनच निबंध लिहून घ्यायचा, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नको.

आपला कुकर फुटला हे माझ्या सुदेशने तुला सांगितलंच असेल. बटाटे उकडायला मीच लावलेले. मेघाली बाजूला भाकऱ्या थापत होती. शिट्टी झालीच नाय, एकदम झाकण उडालं आणि उकळतं पाणी सगळं सुनेच्या अंगावर. मान आणि उजवा हात भाजला. माझ्यावर एक थेंब नाय, बघ. इस्पितळातून ती सरळ टिटवाळ्याला माहेरी गेली. जाताना माझ्याशी नीट बोललीसुद्धा नाय.

कुकर घेऊन अजून वर्ष झालं नाय. सुदेशने दुकानात जाऊन आवाज केला, तेव्हा कंपनीचा माणूस आला, गोड बोलला, नवीन कुकर ठेवला आणि जुना घेऊन गेला. जुना घासूनपुसून देताना मी त्यात मूठभर तांदूळ घातले. कोणाला भांडं रिकामं द्यायचं नाय हे आयेने शिकवलेलं, हात आपोआप डब्यात गेला. वाकडं झाकण बसेना, म्हणून त्याने ते उलटं करून आतच कोंबलं आणि पिशवी मोटरसायकलला अडकवली. तांदूळ बघून हसला मेला. हसू दे.

नवा कुकर खोक्यातच आहे, मला तो उघडवत नाय. सुदेश बोलतो केस करू. तू वकील आहेस, तर खरं सांग, आपल्यासारख्यांना यातून काय मिळतं, की नुसत्या चपला झिजवायच्या?

वडापाव कमी खा, माया आहे ती कमी करू नको.
तुझी आत्या


टेंभी नाका, ठाणे
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास करिश्माचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग डोक्याला हात लावला. आत्या, कुकर दिलास कशाला गं? तो आपला मुख्य साक्षीदार होता. साक्षीदाराला शिदोरी बांधून कोणी समोरच्या पार्टीकडे पाठवतं का?

असो. झालं ते झालं. आता नीट ऐक. सदोष वस्तूने माणूस जखमी झाला तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, बनवणाऱ्या कंपनीवर आणि काही बाबतींत दुकानदारावरही. दोन वर्षांच्या आत करावी लागते. कंपनीने हलगर्जीपणा केला हे आपण सिद्ध करायला नको. वस्तूतच दोष होता आणि त्यामुळेच इजा झाली, एवढं दाखवलं तरी पुष्कळ. बिल सुदेशच्या नावावर आहे आणि भाजली मेघाली, म्हणून अडत नाही. नवीन कुकर घेतला म्हणून हक्क गेला असंही नाही. दवाखान्याचे कागद, बिल, जखमांचे फोटो सुदेशकडे देऊन पाठव. कुकर हजर करायला लावा, प्रयोगशाळेत तपासून घ्या, असं आपण आयोगाला सांगू. सोपं आहे म्हणत नाही, पण चपला माझ्या झिजतील, तुझ्या नाही.

आणि मेघालीला एकदा फोन कर. अढी धरणारी पोरगी नाही ती.

रागावले ते लोभापोटी.
तुझी करिश्मा


मानपाडा
१८ मे २०२५

चि. करिश्मास आशीर्वाद.

बाय, केस मागे घे.

कंपनीचं उत्तर सुदेशने वाचून दाखवलं. इंग्रजीत पानंच्या पानं आहेत. त्यातलं एवढंच मला कळलं की शिट्टीच्या नळीत तांदूळ अडकलेला, म्हणून वाफ कोंडली, आणि ती वापरणाऱ्याची चूक. आपल्याकडे भात टोपात होतो, पण मेघाली कधी घाईला कुकरमध्ये लावायची. आदल्या दिवशी लावलेला. रात्री कुकर धुतला मी. मोतीबिंदू झाल्यापासून मला दाणा कुठे दिसतो? तेवढाच राहून गेला असेल. म्हणजे सून माझ्याच हाताने भाजली, आणि मी कंपनीला शिव्या घालत बसले.

महिन्यापूर्वी तिला डबा भरून नारळाच्या वड्या पाठवल्या. डबा परत आला नाय, निरोपही नाय. फोन करायचं धाडस माझ्यात नाय. तिलाही हेच वाटत असणार. आता भीतीने मी गॅसजवळ जात नाय. सुदेशच चहा करतो.

या आत्यावर आहे तेवढी माया ठेव, जास्त मागायचं तोंड नाय.
भागीरथी


टेंभी नाका, ठाणे
२४ मे २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

केस मागे घेत नाही. आधी डोळे पूस, मग पुढचं वाच.

सुदेशने घाईत तांदूळ एवढंच वाचलं. मी ते पान तीनदा वाचलं. त्यांच्याच इंजिनिअरने लिहिलंय की भांड्यात आणि नळीत तांदळाचे कच्चे दाणे मिळाले. कच्चे, आत्या. आदल्या दिवशीच्या भाताचं शीत कच्चं असतं का? आणि उकळत्या कुकरात राहिलेला दाणा कच्चा राहील का? कुकर फुटून, थंड होऊन, घासून झाल्यावर त्यात तांदूळ घातले ते तू. झाकण उलटं आत कोंबलेलं, पिशवी मोटरसायकलवर हिंदकळत गेली, दाणे नळीत शिरणारच. ज्या मुठीवरून मी तुला रागावले, तिच्याच जिवावर त्यांनी तुला दोषी ठरवलं, आणि आता तिच्यामुळेच ते तोंडघशी पडलेत.

हे सगळं तुला प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागेल. आयोगाने कुकर प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलंय. निकाल काय लागेल ते मी आज सांगणार नाही. पण तुझ्या हाताने सून भाजली नाही, हे मी आजच सांगते. मेघालीलाही तसंच लिहिलंय, विचारल्याशिवाय लिहिलं म्हणून रागावू नकोस.

सहीला ये, येताना वड्या आण, प्रेमाचा हिशोब नंतर बघू.
तुझी करिश्मा


टिटवाळा
१ जून २०२५

ती. आईंना मेघालीचा शि. सा. न.

करिश्माताईंचं पत्र आलं. आई, तुमची चूक आहे असं मला एक दिवसही वाटलं नाही. मी बोलत नव्हते, कारण इस्पितळात माझ्या मानेकडे बघितलं की तुम्हाला रडू यायचं, आणि तुम्ही रडलात की मलाही आवरायचं नाही. मग घरी येऊन दोघींनी रडतच बसायचं का, असं वाटायचं. गॅसची भीती मलाही वाटते. इथे आईच सगळं करते, मी लांब बसून भाजी निवडते.

हात आता बरा आहे. डाग राहील बोलले डॉक्टर. राहू दे. तो आयोगासमोर दाखवायला मी स्वतः येणार आहे.

वड्या त्याच दिवशी संपवल्या. डबा मुद्दाम ठेवून घेतलेला. तेवढं निमित्त हातात राहावं म्हणून. आता तो सुदेशबरोबर पाठवते आहे. रिकामा नाही. आतले तांदूळ रविवारी टोपात टाका, मी जेवायला येते. गॅस दोघींनी मिळून पेटवू.

लोभ तुमचा आहेच, मी तो घ्यायला येते आहे.
तुमची मेघाली