खिळा ‘ख’मध्ये, हातोडा ‘ह’मध्ये

चिरंजीव भावजींना वहिनीचे पुष्कळ आशीर्वाद. वयाने मोठी असल्यामुळे तुम्हाला चार शब्द सुनावायचा जो अधिकार मला आहे, तो या पत्रात मी पुरेपूर वापरणार आहे, तेव्हा चहा घेऊनच वाचायला बसा. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं नव्हतं. चढताना दुखत असेल तर वय आणि उतरताना दुखत असेल तर वजन, असं माझं मत आहे (डॉक्टरांचं वेगळं असू शकतं, पण त्यांनी तुम्हाला जेवताना पाहिलेलं नाही). जाऊबाईंना माझी आठवण सांगा. त्यांनी विणून पाठवलेला स्वेटर तुमच्या दादांना पोटावर घट्ट होत होता, तो आता व्यवस्थित बसतो. का बसतो, ते पुढे येईलच.

भावजी, आपण जिंकलो! गॅरेज वाचलं!

गॅरेज तुम्ही पाहिलं आहे. म्हणजे दारातून पाहिलं आहे, कारण आत जायला वाट नव्हती. आपली जुनी गाडी विकून अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तुमचे दादा तिथे लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करतात. अकरा वर्षांत त्या खोलीत जे आलं ते बाहेर गेलं नाही, फक्त खुर्च्या तेवढ्या गेल्या, आणि त्याही सगळ्या नाहीत. मोडक्या कुलपांची बादली, साखळी नसलेली सायकल, आमच्या पहिल्या पंख्याचं एक पातं (बाकीची दोन कुठे आहेत हे विचारायचं मी सोडून दिलं). प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर: “असू दे, लागेल.” आणि गंमत अशी की त्यांना सगळं सापडायचं, पण पत्त्यावरून नाही, प्रसंगावरून. पक्कड कुठे आहे विचारलं की डोळे मिटून म्हणायचे, “थांब. नळ फुटला त्या दिवशी मी पक्कड घेऊन निघालो, मध्येच तुझ्या मावशीचा फोन आला...” आणि मग मावशीच्या फोनपासून माग काढत पक्कड निघायची ती रंगाच्या डब्यात.

आता आपली लेक. तुम्हाला माहीतच आहे, दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात हत्यारं ताटलीत ओळीने निजलेली असतात, आणि हात पुढे केला की मदतनीस बाई बरोबर हवं तेच हातात ठेवतात. अशा मुलीची नवी गाडी रस्त्यावर झाडाखाली उभी, आणि त्या झाडावर गावातले समस्त पक्षी वस्तीला. रोज सकाळी गाडी धुऊन दवाखान्यात जायचं म्हणजे तिच्याही नाकी नऊ आले. एके दिवशी तिने जाहीर केलं की गॅरेज गाडीसाठी असतं, बाबांनी महिन्याभरात ते रिकामं करावं.

खरं सांगते भावजी, मी मनातून लेकीच्याच बाजूची होते. पण तुमचे दादा शांतपणे म्हणाले, “काही हरकत नाही. मी स्वयंपाकघरात काम करीन. तिथे उजेडही चांगला आहे.” त्याच क्षणी मी बाजू बदलली. निवृत्त झाल्यापासून त्या ओट्यापाशी मी एकटी सुखाने उभी असते, तेवढीच एक जागा माझी. तिथे हा माणूस रंधा घेऊन येणार, वर माझ्या कपाटाच्या बिजागऱ्या “जरा बघतो” म्हणणार, या कल्पनेने माझ्या अंगावर काटा आला. मी लेकीला सांगितलं की मला महिना दे, गॅरेजचं वर्कशॉप करून दाखवते. तीही काही कमी नाही. तिने अट घातली: महिन्याअखेर ती दहा वस्तूंची नावं घेईल, बाबांनी प्रत्येक वस्तू एका मिनिटाच्या आत हातात द्यायची. एक जरी चुकली तरी गाडी आत, बाबा बाहेर.

एकतीस वर्षं मी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या, हे मी तुम्हाला सांगायला नको. (तुम्ही नेलेलं बागकामाचं पुस्तक अजून आलेलं नाही, तेही सांगायला नको.) गॅरेजच्या तीन भिंतींना फळ्या मारून घेतल्या. कचरा म्हणून जे गेलं ते तुमच्या दादांच्या डोळ्यांदेखत गेलं, फक्त पंख्याचं पातं गेलं तेव्हा ते थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले. मग उरलेलं मी मला येणाऱ्या एकमेव पद्धतीने लावलं: वर्णानुक्रमे. दाराच्या डाव्या हाताला ‘अ’, तिथून भिंतीभिंतीने फिरत उजव्या हाताला ‘ह’. (‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना वेगळी जागा द्यायची की ‘क’ आणि ‘ज’ खाली घालायचं, यावरून आमच्या ग्रंथालयात दोन तट होते आणि मी कोणत्या तटात होते हे इथे काढत नाही.) करवत, कानस ‘क’वर. रंधा ‘र’वर. ज्या वस्तूला दोन नावं, तिला ग्रंथालयात असतं तसं कार्ड: “स्क्रू ड्रायव्हर – पाहा: पेचकस”. ‘ण’ची फळी मात्र रिकामी राहिली, कारण त्या अक्षराने काहीच सुरू होत नाही. पण क्रम म्हणजे क्रम, म्हणून ती ठेवली. तुमच्या दादांनी तिच्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली. मी रागावले. ते म्हणाले, “‘आणि’मधला ‘ण’. खिळे, हातोडा आणि चहा.”

‘च’च्या फळीवर टाचणीएवढ्या खिळ्यांचे, म्हणजे चुकांचे, तीन डबे झाले. मी सरळ चिठ्ठ्या लावल्या: “लहान चुका”, “मोठ्या चुका”, “गंजलेल्या चुका”. शेजारचे प्लंबर काहीतरी मागायला आले होते, ते त्या फळीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, हे सगळं तुम्ही यांच्याबद्दल लिहून ठेवलंय?” मी म्हटलं, नाही हो, यांच्या चुका तीन डब्यांत मावतील होय?

पहिल्या आठवड्यात एक अडचण ध्यानात आली, ती लपवत नाही. मराठी वर्णमाला कुणी केली असेल त्याने सुतारकाम केलेलं नसावं. खिळा ‘ख’वर, हातोडा ‘ह’वर, म्हणजे फळ्यांच्या दोन टोकांना, आणि मधोमध लोकांच्या खुर्च्या, त्यामुळे भिंतीभिंतीने फिरूनच जायचं. एकेका खिळ्यामागे चौदा पावलं जायची आणि चौदा यायची. त्यात मी नियम केला होता की हातातली वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय दुसरी उचलायची नाही, एका कार्डावर एकच पुस्तक देतात तसं. हा नियम त्यांनी तीन दिवस इमानेइतबारे पाळला. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर हे हातात हातोडा घेऊन ‘ख’च्या फळीपुढे उभे. म्हणाले, “खिळा घ्यायचा तर हातोडा ठेवून यावा लागतो. ठेवून आलो की खिळा ठोकायला काही नसतं.” मी विचार केला आणि त्यांना दोन कार्डं दिली. त्यानंतर कामाने वेग घेतला, आणि रोजच्या त्या फेऱ्यांनी त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला. डॉक्टरांनी तपासून विचारलं की सकाळी कुठल्या मैदानात फिरायला जाता? हे म्हणाले, “‘ख’पासून ‘ह’पर्यंत.” डॉक्टरांनी तेच पुढे चालू ठेवायला सांगितलं.

परीक्षेचा दिवस रविवारचा. लेक हातात यादी आणि मोबाईलवर घड्याळ लावून आली. करवत: नऊ सेकंद. काचकागद: सात. पेचकस तिने मुद्दाम “स्क्रू ड्रायव्हर” म्हणून मागितला. हे ‘स’कडे धावले, कार्ड वाचलं, उलटे ‘प’कडे धावले, एकेचाळीस सेकंद, आणि शेजारच्या प्लंबरनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. नऊ वस्तू झाल्या. दहावीला लेक यादीकडे बघून अडखळली. तिला नावच येईना. म्हणाली, “बाबा, ते हे, लोखंडाचं, वाकडं. त्यात खुर्चीचा पाय धरता आणि दांडी पिळता ना, ते द्या.”

भावजी, नेमकी तीच वस्तू! तिच्यावरून आमचं दोन दिवस भांडण झालं होतं. मी म्हणत होते शिकंजा, हे म्हणत होते क्लॅम्प, आणि कुणीच माघार न घेतल्यामुळे तिचं कार्ड झालंच नव्हतं. मी ‘श’कडे पाहिलं, नव्हतं. ‘क’कडे पाहिलं, नव्हतं. वीस सेकंद गेली, तीस गेली. मला समोर ओट्यावर रंधा दिसायला लागला, आणि खोटं कशाला बोलू, त्याहीपेक्षा त्यांचा चेहरा बघवेना. अकरा वर्षं त्या खोलीत हा माणूस सुखी होता. तेवढ्यात हे हात मागे बांधून संथ चालत ‘ढ’ आणि ‘त’च्या मधोमध गेले. ‘ण’च्या फळीवरचा कप उचलला. मागचा पुठ्ठा बाजूला केला. आणि तिथून, भावजी, तो शिकंजा बाहेर काढला! ज्यांच्या नावावर आमचं एकमत झालं नव्हतं, ते सगळं त्यांनी गुपचूप ‘ण’वर नेऊन ठेवलं होतं. बावन्न सेकंद. लेकीने यादी फाडली आणि बाबांच्या गळ्यात पडली. मला आकाश ठेंगणं झालं. तिने गाडीवर घालायला कापड आणलं आहे, पक्ष्यांचं आता काही चालत नाही.

गॅरेज आता असं आहे की जमिनीवर बसून जेवावं. लोक बघायला येतात. प्लंबर आपल्या बायकोला घेऊन आले आणि तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आठवडाभर आमच्याकडे फिरकले नाहीत. एकतीस वर्षं मी पुस्तकं लावली, पण इतकं समाधान मला कधी वाटलं नव्हतं. तुमच्या दादांनाही फार अभिमान आहे. रोज सकाळी ते सगळ्या फळ्या पुसतात.

तुमची विजयी,
वहिनी

ता. क. तुम्ही गेल्या वर्षी दुरुस्तीला दिलेली आरामखुर्ची अजून झालेली नाही. ती सध्या माझ्या ओट्याशेजारी उलटी ठेवली आहे आणि तिच्या पायांचा सरस वाळतो आहे. हे पत्र मी उरलेल्या वीतभर जागेत लिहिते आहे. गॅरेजमध्ये का करत नाही, असं विचारलं तर तुमचे दादा म्हणतात, “तिथे? तिथे सांडेल!”

ता. क. २. तेव्हा मुद्द्याचं बोलते. रविवारी येऊन खुर्ची आणि तुमचे दादा, दोघांनाही पंधरा दिवसांसाठी घेऊन जा. हत्यारं तुमचीच द्या, इथली नेली तर फळ्या रिकाम्या दिसतात. आणि ते येणार म्हणून तुमची मागची खोली आवरू नका. त्या खोलीवरून आजवर मी तुम्हाला जे जे बोलले ते सगळं मागे घेते. त्यांना आधी होता तसा पसारा मिळू दे. काम करताना ते शीळ घालायचे, ती महिनाभर ऐकली नाही, आणि मला ती ऐकायची आहे.

ता. क. ३. मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. काल ते बाहेर गेले असताना मी प्लंबरकरवी वखारीतून पिशवीभर लाकडाचा भुसा आणवला आणि गॅरेजच्या मधोमध ओतला. म्हटलं, पाहून तरी हात शिवशिवतील. ते आले, पाहिलं, झाडू घेतला, सगळा भुसा गोळा करून एका डब्यात भरला, चिठ्ठी लिहिली आणि ‘भ’च्या फळीवर ठेवून दिला. शनिवारीच आलात तर जास्त बरं.