द्वादशीचं पारणं आणि माझं लायसन्स

कुवेंपुनगर, म्हैसूर

तीर्थस्वरूप पांडुरंगराव यांना शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी जरा जास्तच वाकून घालतोय, कारण पुढचा मजकूर तसा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या खोकल्याची ढास थांबली का? धारवाडची हवा त्यांना मानवत नाही हे मी मागेच म्हणालो होतो, पण माझं ऐकतो कोण. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. नागरत्ना तर इतकी खुशीत आहे की तुम्ही सख्ख्या बहिणीला ओळखणार नाही. माझं म्हणाल, तर दारू पिऊन स्कूटर चालवल्याबद्दल मला कोर्टात शिक्षा झाली आहे. (हे वहिनींना वाचून दाखवू नका. दाखवलंतच तर पुढचंही दाखवा, मध्येच थांबू नका.)

एकादशीला मी पाण्याचा थेंब घेत नाही आणि द्वादशीला पहाटे पारण्यात आवळा हवाच, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या द्वादशीला घरात आवळा नव्हता. (नागरत्ना म्हणते तिने आदल्या दिवशी तीनदा आठवण केली होती. मला दोनदाच आठवते.) मग मला खालच्या मजल्यावरच्या बोपय्यांची बाटली आठवली. कोडगूहून येताना आणलेली, त्यांच्या आईने घरी केलेला आवळ्याचा रस म्हणून दिलेली. किती दिवस मुरवलेला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शास्त्राला आवळा हवा होता आणि बाटलीत आवळाच होता. पहिला पेला मी अज्ञानाने घेतला, दुसरा शंकेने. तिसऱ्याचं कारण मला कोर्टातही नीट सांगता आलं नाही. त्यातून चोवीस तासांचं रिकामं पोट.

मग मठात तीर्थ घ्यायला स्कूटरवरून निघालो. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. वाटेत विष्णुसहस्रनाम म्हणत होतो, आणि आता वाटतं की नावं हजाराच्या बरीच पुढे गेली असावीत. चौकात पोलीस शाळेच्या व्हॅनवाल्यांना रांगेत उभं करून यंत्रात फुंकायला लावत होते. मला कोणी थांबवलं नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. मीच थांबलो. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाल्यावर राहवतंय का? मी हवालदाराचं अभिनंदन केलं, व्हॅनवाल्यांना चार शब्द सांगितले, आणि आदर्श म्हणून स्वतः फुंकायला पुढे झालो. माझं धोतर आणि कपाळावरचा अंगार-अक्षतेचा टिळा पाहून हवालदार ओशाळला. ‘बेड सार, नीवु होगि,’ म्हणाला, म्हणजे राहू द्या, तुम्ही जा. पण मी जातोय कुठला! फुंकलं. यंत्र ओरडलं. तो बिचारा यंत्र झटकून म्हणाला, ‘मशीन सरि इल्ल सार, इन्नोम्मे ऊदि.’ मशीनच बिघडलंय म्हणे, पुन्हा फुंका. मी आणखी जोर लावला. आकडा वाढला. ज्यांना आदर्श दाखवायचा होता त्यांच्यापैकीच एकाने मला व्हॅनमध्ये घालून घरी सोडलं.

कोर्टात वकील म्हणाले, औषध घेतलं म्हणा. मी म्हटलं, द्वादशीच्या दिवशी घडलेल्या गोष्टीबद्दल खोटं बोलणार नाही. दंड झाला, आणि आरटीओने सहा महिने लायसन्स काढून घेतलं. तुमची तीस वर्षं आरटीओत असलीच लायसन्सं थांबवण्यात गेली, तुम्हाला मी काय सांगणार. पण तिथल्या बाईंनी मला फार मायेने समजावलं, की दंड भरला म्हणून प्रकरण मिटत नाही, नोंद राहते. पुन्हा सापडलात तर तो दुसरा गुन्हा, मग दोन वर्षांपर्यंतची कैद. आणि या सहा महिन्यांत गाडीला हात लावलात तर ते आणखी वेगळं. त्यांच्या कॉम्प्युटरात माझी एकच ओळ आहे. कुवेंपुनगरात मात्र तिचं पुराण झालंय. मठात तीर्थ देताना भटजी आता माझ्या तोंडाकडे आधी बघतात.

आणि इथे नागरत्ना उभी राहिली. ‘मी शिकते,’ म्हणाली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. शिकाऊ माणसाच्या मागे लायसन्सवालाच बसावा लागतो, त्यामुळे मला मागे बसून चुका काढायचाही हक्क नव्हता. शेजारची स्मृती बसायची आणि मी फुटपाथवरून पळत सूचना द्यायचो. (चौथ्या दिवशी दोघींनी रस्ता बदलला.) परीक्षेत तुमच्या बहिणीने आठचा आकडा पहिल्याच फटक्यात काढला. आता मी मागे, मांडीवर भाजीची पिशवी. वेग वाढला की मी डोळे मिटतो. ती आरशातून बघते आणि हसते.

पांडुरंगराव, लग्नात सुटलेली तिची वीणा तुम्हाला आठवत असेल. गोकुलमला एक बाई शिकवतात. दोन बस बदलून जायचं म्हणून ते राहिलं, आणि ‘मी सोडतो की’ असं मी एकतीस वर्षं म्हणत आलो. आज पाऊस, उद्या पेपर तपासायचे, परवा ट्रॅफिक. आता ती कुणाला न विचारता आठवड्यातून तीनदा जाते. मी बाहेर कट्ट्यावर, तिथे योग शिकायला आलेल्या परदेशी मुलांशेजारी हेल्मेट धरून बसतो आणि आतून तिचा चुकलेला सूर ऐकतो. मला लाज वाटते आणि फार आनंद होतो, दोन्ही एकदमच. भीती एकच आहे. तिने सांगून ठेवलंय, ‘तुमचं लायसन्स आलं की मी किल्ली ठेवणार. यजमान असताना बायकोने गाडी चालवणं बरं दिसत नाही.’ आणि ती बोलते तसं करते, तुमच्याच घरची आहे. मग मी पुन्हा ‘उद्या सोडतो’ म्हणणार. मी स्वतःला ओळखतो.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
नरसिंहमूर्ती

ता. क. लायसन्स परत मिळून तीन आठवडे झाले. मी ते माझ्या जुन्या अ‍ॅटलासमध्ये अंटार्क्टिकाच्या पानावर ठेवलंय, तिथे कोणी जात नाही. ती रोज विचारते, ‘आलं का?’ मी म्हणतो, ‘सरकारी काम.’

ता. क. २. रविवारी ती तुम्हाला फोन करील. अशा नोंदीला आणखी सहा महिने लागतात, एवढंच सांगा. आरटीओतल्या माणसाचा शब्द ती खाली पडू देणार नाही. द्वादशी टाळून सांगितलंत तर दोषही नाही.

अण्णा, पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, गाडी माझ्याकडे ना! पाकीट चिकटवायचं विसरले. अंटार्क्टिका मी पहिल्याच आठवड्यात पाहिली. रोज विचारते, कारण विचारायचं थांबवलं तर त्यांना संशय येईल आणि ते लायसन्स बाहेर काढतील. सहा महिन्यांत वीणेवर माझं एक वर्णमसुद्धा बसायचं नाही. तू वर्ष सांग.
— नागरत्ना