मारुतीला उजवा खांदा

गुरुजी, तुमचं चुकलं होतं. तुम्ही वारलात, त्याआधी हे सांगायचं राहून गेलं. सातवीच्या वर्गात तुम्ही सांगितलं, चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी मारतो तेवढ्यात स्वतःभोवतीही एकदाच फिरतो, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. मी उभा राहिलो. "गुरुजी, सोताभोवती फिरला असता तर मागची बाजू दिसली असती ना?" तुम्ही म्हणालात, "पुस्तकापेक्षा शाना झाला का? वाक्य पाठ कर." वाक्य पाठ झालं. चंद्र कळला नाही.

मग तो शनिवार. मी मारुतीला प्रदक्षिणा घालतो आहे, उजवा खांदा देवाकडे. समोर कडुनिंब, वळलो की पाण्याचा आड, मग शाळेचे पत्रे, मग कपाशीचं रान, आणि पुन्हा कडुनिंब. मी थबकतो. खांदा देवाकडून हललेला नाही, पण तोंड चारी दिशांना फिरून आलं आहे. म्हणजे मीही स्वतःभोवती एकदा फिरलो! सोमवारी धावत येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "मारुतीला भूगोल शिकवून राह्यला का? आन् चंद्र तर उलट्या बाजूनं फिरतो, तसा फिरशील तर देव कोपंल बरं." सगळा वर्ग हसला. दिशा उलटी होती, कबूल. पण ज्या वाटेनं मला ते कळलं, ती वाट तुम्ही बंद केलीत.

आता मी हसनाबादकडच्या एका शाळेत शिकवतो. माझी मुलं झेंड्याच्या खांबाभोवती फिरतात, डावा खांदा खांबाकडे, म्हणजे दिशाही चंद्राचीच. परवा एक पोरगी मधेच ओरडली, "सर, खांदा तिथंच हाये, तोंडच फिरून राह्यलं!" तिला पुस्तकातलं ते वाक्य कधीच पाठ होत नव्हतं. ओरडणं ऐकून मुख्याध्यापक बाहेर आले. "पोरं गरगर फिरवून मार्क येतेत का, सर? उद्यापासून तास वर्गात. न्हाई तर हा वर्ग दुसऱ्याला देतो." मी म्हणालो, "द्या. पण माझ्याकडे आहे तोवर तास खांबापाशीच." आभाळ लांब आहे, गुरुजी. तिथं जाऊन बघता येत नाही. मनानं तिथं उभं राहून इकडं पाहावं लागतं, आणि मनाला ते आधी पाय शिकवतात.

उद्याही मुलांना बाहेरच नेणार आहे. वर्ग गेला तर जाईल. हे पत्र कुठं टाकणार? देवळात मारुतीपुढंही ठेवणार नाही. फक्त एवढंच, शनिवारी गावच्या मारुतीला प्रदक्षिणा घालताना आपल्या शाळेचे पत्रे समोर आले की पाऊल अजून अडतं. तुम्ही शाळेच्या दारात याल आणि म्हणाल, "बराबर हाये तुझं," असं वाटतं.